कडता

सिंदीच्या बाजार समितीत
एकतीस वर्षं काटा धरला माझ्या बापानं.
उकंडराव मापारी.
पोत्याला नुसता गुडघा लावून सांगायचा,
"पंच्याण्णव. बारदाना धरून."
काटा त्याच्या मागून यायचा, खाली मान घालून.

आता तोच चढतो काट्यावर,
बाजार उठल्यावर, तुरीच्या ढिगाआड.
सहासष्ट. एकसष्ट. चौपन्न आणि काही.
"बारदाना धरून," म्हणतो अन् हसतो.
हसताना गाल आत जातो, बाहेर येत नाही.

आई कण्या शिजवते, जवसाची चटणी, वर तेलाची धार.
तो खातो. खरंच खातो.
"मंग जाते कुठं?" मला विचारतो,
मी नागपूरला लॅबमध्ये असते म्हणून.
"माल हवेत उडत नाही, बाई.
तूट पडली तर कोनाच्या तरी खात्यात निंगते."

सांगितलं मग. त्याच्याच भाषेत सांगितलं:
स्वादुपिंडात एक गाठ बसली आहे, गल्ल्यावर बसल्यासारखी,
आणि चिठ्ठ्या लिहिते.
बावीस अक्षरांच्या, एखादं कमीजास्त.
मायक्रोआरएनए.
पुड्या बांधून रक्तात सोडते,
त्या दंडाला पोचतात, मांडीला पोचतात,
आणि स्नायू तुमच्यासारखाच, बाबा,
चिठ्ठी आली की अक्षर कोणाचं ते बघत नाही.
तोडा, लुटा, असलं काही त्यात नसतं.
एवढंच, की आतून आलेला अमुक निरोप
आज वाचू नका.
रोज एक निरोप न वाचलेला,
रोज एक वीट न चढलेली.

बराच वेळ तो
नसलेली विडी झटकत राहिला.
"सही असते काय त्याच्यावर?"
नाही.
"मंग कडता हाये हा.
पावती नाही, हुज्जत नाही.
क्विंटलामागं दोन किलो.
आमीच कापत होतो नं."

लॅबमध्ये उणे ऐंशीवर
त्याच्या रक्ताची एक नळी आहे.
त्यातल्या चिठ्ठ्या मला मोजता येतात.
परत फिरवता येत नाहीत.

दिवाळीनंतर त्याच्यानं उठवेना.
न्हाणीकडे नेताना मी उचललं
आणि हातांना आकडा कळला,
त्यानंच शिकवलेल्या हातांना:
त्रेचाळीस.
"पन्नास," मी म्हटलं.

माझ्या खांद्यावर त्याची हनुवटी हलली.
एवढी चूक त्याला झोपेतही कळली असती.

"लिही," तो म्हणाला. "पन्नास."