खोटी पट्टी

स्कॅनरला काळं दिसत नाही, चकाकतं तेही दिसत नाही.
म्हणून आधी पांढरी भुकटी फवारते मी
न्हाऊ घातलेल्या पोराला पावडर लावावी तशी.
हेराल्डच्या वॉटर पंपाचं हाउसिंग. बीड. साल पासष्ट.
सिरसीकरांनी खडकीहून टर्किश टॉवेलात गुंडाळून आणलं,
नाना पेठेतली चार दुकानं फिरून.
चौथ्यात हसले म्हणे त्यांना.
"अगदी ओरिजिनल हवं," एवढंच सांगून गेले.

गुरुवार. भोसरी बंद.
पडद्यावर चाळीस लाख ठिपके गोळा झाले,
त्यांची भिंत झाली, भोकं झाली,
आणि आत, पाण्याच्या वळणाशी, एक गाठ.
ओबडधोबड. कुणाच्या तरी वेल्डिंगची.
मी ती निवडली, पुसली.
जागा अशी गुळगुळीत भरून आली
की तिथे कधी काही बिघडलंच नव्हतं.

मागे स्टुलावर पांचाळ.
लाकडी पॅटर्न बंद होऊन बारा वर्षं झाली,
कानावरची पेन्सिल अजून तिथेच.
"ती परत आण."
"डिफेक्ट आहे, काका."
"डिफेक्ट तिच्या खाली आहे.
कात्रजच्या चढावर तडकलं होतं, एकोणऐंशीत.
विलायतेच्या ड्रॉइंगमध्येच भिंत पातळ.
गाठ माझी आहे."

मी अनडू दाबलं.
सिरसीकरांना कुठलं ओरिजिनल हवंय
ते फोन करून विचारावं का, असं वाटलं.
नाही विचारलं.

मग सूट धरायची.
बीड थंड होताना आकसतं, फुटामागे अष्टमांश इंच.
मी एका चौकटीत आकडा टाकते, झालं.
पांचाळांकडे त्यासाठी पितळी पट्टी होती,
तिचा फूट फुटापेक्षा मोठा.
एकदा धाकटी ती चुकून शाळेत घेऊन गेली
आणि भूमितीच्या पेपरात
तिची एकही रेषा खरी निघाली नाही.
अजून बोलते ती त्यावरून,
दोन मुलांची आई झाली तरी.

शनिवारी रस ओतला.
वाळूचा साचा प्रिंटरने थरावर थर छापलेला,
त्याला कुणाचा हात लागलेला नाही,
फोडताना मात्र हातोडाच लागला.
धग निवायच्या आधीच पांचाळांनी
फडकं धरून तुकडा उचलला,
करंगळी आत घातली, झटकन काढली,
पुन्हा घातली.

"आहे," म्हणाले.
मग थोड्या वेळाने,
"पण जरा फुगलीये."

"एक टक्का, काका.
उद्या बघा."