कडता

मार्केट यार्डात चौतीस वर्षं
मी काट्याशेजारी उभा राहून आकडे बोललो.
पंचेचाळीस दोनशे. सेहेचाळीस. चव्वेचाळीस नऊशे.
हळदीचं पोतं, गुळाची ढेप, बेदाण्याची पेटी.
उचलायचे हमाल, लिहायचो मी,
आणि दर पोत्यामागं
बारदान, माती, ओल यांच्या नावानं
थोडं वजा करायचो.
कडता.

एक पोतं कधी स्वतः उचललं नाही.
पेन तेवढं कानावरून खिशात, खिशातून कानावर.

मग नवा काटा आला.
आकडा आपोआप लाल उजेडात उमटायला लागला,
मी घरी आलो.
घरात तोलण्यासारखं काय होतं?
एकदा दूधवाला म्हणाला, काका, घसा बसलाय व्हय?
तेव्हा ध्यानात आलं,
रविवारपासून वापरलाच नव्हता.

मिरजेच्या डॉक्टरनं रिपोर्ट पालथा घातला.
म्हणाला, चाला. नाहीतर काहीतरी उचला.

गावभागात टायरच्या दुकानामागं पत्र्याचं शेड.
आत आरसे, आरशात मी:
शर्ट इन केलेला, पायात चामडी चप्पल.
भिंतीवर गळ्याएवढ्या उंचीवर पुराची रेघ,
रंग देताना मुद्दाम सोडलेली.
त्या रेघेखालचं सगळं लोखंड
रॉकेलनं घासून घासून परत लोखंड केलेलं.

पोरगी पुढं आली. यास्मिन नदाफ, सकाळची बॅच तिची.
अडीच किलोचे दोन डंबेल दिले.
दहा वेळा वर, दहा वेळा खाली.
मी सवयीनं म्हणालो, आठच धर. शेवटचे दोन वाकडे गेले.
ती हसली नाही.
म्हणाली, इथं कडता नाही, काका. उचललं ते उचललं.

घरी येऊन चहा गाळताना
कप हातात थरथरत होता,
आणि मला त्याचं कौतुक वाटत होतं.

आता सहाला जातो.
आवटीबाई बँकेतून रिटायर, पाठीवर पट्टा,
बैठका मारताना अक्कमहादेवीचं नाव घेतात.
मगदूमांचा पारस, भडंगवाला,
त्याच्या हाताचा लसणाचा वास दांडीला लागतो,
मग त्या दांडीवरून आम्हा सगळ्यांना.
पोलीस भरतीच्या दोघी जतच्या,
त्यांना मी धावण्याची वेळ लावून देतो. सेकंदसुद्धा सोडत नाही.
कुणी कुणाच्या घरचं फार विचारत नाही.
पण बार छातीवर येताना
डोक्याशी दोन हात असतात.
लागत नाहीत. असतात.

आणि दाराशी, स्टुलावर, इलाही.
यास्मिनचा बाप.
पहिल्या दिवशी ओळखलंच नाही मी.
ओळखणार कसं?
हयातभर त्याची पाठच बघितली,
पोतं टाकायचा, वळायचा, पुढचं आणायला जायचा.
आता कमरेतून वाकलाय, जमिनीकडं बघत बोलतो.
म्हणाला, मापाडी, तुमचा आवाज लक्षात आहे.
झोपेतसुद्धा ऐकायचो. सेहेचाळीस. सेहेचाळीस.

मला म्हणायचं होतं,
ते दर पोत्यामागचं वजा केलेलं,
ते तू उचललेलंच होतंस की रे.
बोललो नाही.
डंबेल खाली ठेवला, परत उचलला.

काल साडेसातचे दोन घेतले.
सातव्याला खांदा अडला, आरशातला माणूस लाल झाला.
यास्मिन दुसरीकडं होती.
तेवढ्यात दारातून आवाज आला,
मान वर न करता,
काट्यावर बोलतात त्या सुरात:

आठ.

मी उचलेपर्यंत तो थांबला.

नऊ.

बाहेर टायरवाल्यानं शटर वर ढकललं,
त्या खडखडाटात दहावा ऐकू आला नाही.
मी आणखी एक मारला,
हिशेबाला कमी नको म्हणून.