पांढरी रेघ

रात्र टाळता येईल का,
कॅसिडीनं विचारलं. लायसन्स अजून कोरं करकरीत.
डिस्पॅचरनं फोनवरच जांभई दिली :
"कोबीला पहाटेचा बाजार गाठायचाय, पोरी."

डिसेंबरात नेब्रास्कात
साडेचारलाच दिवे लावावे लागतात.
टाळून टाळणार किती?

शेजारी म्हातारा ऑर्विल, शिकवायला आलेला,
सूर्यफुलाच्या बिया फोडत म्हणाला,
"समोरचे दिवे अंगावर आले
की उजवीकडची पांढरी रेघ धर."
एवढंच. मग घोरायला लागला.

ओगलालाच्या पुढे, दुपदरी रस्त्यावर,
त्याच रेघेवर हरीण.
तिनं ब्रेक हळूहळू दाबला.
छत्तीस टन तिच्या पाठीशी
फुसफुसत थांबले.
हरीण गेलं.

ऑर्विल, डोळे मिटलेलेच :
"मादी होती?
मग थांब जरा.
पिल्लू मागून येतं."