तीनशे पंच्याऐंशी, न्याहारीसकट

एका रात्रीचे तीनशे पंच्याऐंशी पौंड.
हेस्टर आकडा पाकिटाच्या पाठीवर लिहिते,
खाली रेघ ओढते
आणि रेघेखाली काहीच लिहीत नाही.
पाकीट गॅसच्या बिलाचं आहे.

वीस वर्षं मी त्या घरात मागच्या दाराने गेलोय,
बूट पुसून, हत्यारांची पिशवी छातीशी धरून,
वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि हॉप्सची तोडणी उरकल्यावर,
त्यांचा पियानो सुरात लावायला.
तो कुणीच वाजवत नाही.
त्यावरची फुलदाणी मी आधी उचलून खाली ठेवतो,
काम झालं की पाण्याच्या गोल डागावर
नेमकी परत बसवतो.
मुदपाकातून कुणीतरी चहा आणून देतं, मगमध्ये.
पाहुण्यांना कपबशी.

जिन्याची चौथी पायरी कुरकुरते, मला ठाऊक आहे.
ती मुद्दाम तशी ठेवलीय,
कुरकुरीचेही पैसे त्या आकड्यात धरलेले असणार.
शेकोटीत सफरचंदाची लाकडं.
मधल्या सप्तकातली एक पट्टी दमट हवेत अडकते
आणि लग नदीच्या काठी हवा दमटच असते.
पण जिना चढून वर मी कधी गेलो नाही.

"टब खिडकीतच आहे म्हणे," हेस्टर सांगते,
"आंघोळ करताना मेंढ्या दिसतात."
मेंढ्या आपल्याला इथूनही दिसतात, मी म्हणतो.
"कपडे घालून," ती म्हणते.

तीनशे पंच्याऐंशी म्हणजे साडेपाच पियानो.
मी सगळं पियानोतच मोजतो, वाईट खोड आहे.
व्हॅनचे मागचे टायर: तीन पियानो.
छपराची पन्हळ: आठ, शिडीवर मी चढलो तर दोन,
आणि हेस्टर मला चढू देणार नाही.

पैसे तसे आमचे नव्हतेच.
डिलिस मावशीने चारशे ठेवले होते,
सोबत चिठ्ठी: उपयोगाचं काही घ्याल तर खबरदार.
मावशी गेली त्याच हिवाळ्यात बॉयलर गेला
आणि चारशे पौंड गरम पाणी होऊन नळातून वाहून गेले.
मग आम्ही ते परत जमवले,
चहाच्या डब्यात, पाच-पाच, दहा-दहा करत,
मेलेल्या बाईचं देणं फेडावं तसे,
तीन वर्षं.
आता डबा भरलाय आणि दोघंही त्याच्याकडे बघत नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल.
पण हे अंथरूण सात फूट रुंद आहे
आणि पाय आमचेच, जुने,
त्यांतला एक गुडघा तेवढा नवा.

समजा गेलो आणि आवडलंच नाही?
की, त्याहून वाईट, आवडलं?
सकाळी घरी येऊन आपली उशी हाताला लागेल,
आपला टॉवेल, कडेला विरलेला.
हेस्टर म्हणते, "मला तेच तर बघायचंय,
की एवढ्याने मी बिघडते का."

मंगळवारी फोन मी केला.
"मिस्टर प्रॉसर! पियानोची तारीख मार्चमधली आहे ना?"
नाही, म्हटलं, खोली हवीय.
पलीकडे जरा शांत झालं,
अडकलेली पट्टी दाबल्यावर होतं तसं.
मग ती पोरगी हळूच म्हणाली,
तुमच्यासाठी काही कमी होतंय का, विचारून बघू?

हेस्टरने माझ्या हातातून फोन घेतला.
"पूर्ण पैसे," ती म्हणाली, "आणि टबाची खोली."
मग फोनवर हात ठेवून मला:
"पुढच्या दाराने जायचं.
आणि त्या पियानोला बोट लावायचं नाही."

पिशवी घरी राहील, मी कबूल केलंय.
नादकाटा काय, एवढासा असतो,
कोटाच्या आतल्या खिशात मावतो.
त्याबद्दल ती काही बोललेली नाही.