शिडी कुणाची

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, रस्ता संपून
धक्का सुरू होतो तिथे, मी दोन वह्या सांभाळते.
निळी मॅकास्किल फिश कंपनीची.
लाल, जीवरक्षक बोटीच्या संस्थेची.
दोन्ही एकाच कपाटात, एकाच किल्लीखाली,
दोन्हींना खाऱ्या माशांचा वास.

निळ्या वहीत शंभर शेअर आहेत.
एकावन्न टॉर्क्विलचे. तीस त्याच्या बहिणीचे,
जी टोरांटोहून वर्षातून एकदा
लाभांशाची आणि मग तब्येतीची चौकशी करते.
एकोणीस एका बँकेचे, जिला चेहरा नाही.
हेरिंगचं वर्ष बरं गेलं की उरलेलं
या तीन खिशांत मोजून पडतं.
'ही काय तुझ्या बापाची कंपनी आहे?'
असं टॉर्क्विलला विचारायची सोय नाही.
आहे.
बापाचा फोटो वजनकाट्याच्या वर टांगलाय.
आणि दर शुक्रवारी त्याच काट्यावरून
बासष्ट घरांत पगार जातो,
तेही मीच लिहिते.

लाल वहीत शेअर नाहीत.
पहिल्या वर्षी भाबडेपणाने विचारलं होतं,
बोट कुणाच्या नावावर लावू?
तेव्हाची अध्यक्ष, म्हातारी इशबेल गिलीस,
विणकामातून मान वर न करता म्हणाली,
'आम्ही सातजण राखणदार. बिनपगारी.
मालक शोधत बसू नकोस. सापडलाच
तर आधी मला सांग, हाकलायला हवा.'

इथेही उरतं कधीकधी.
केक विकून, जुने कोट विकून,
कुणा बाईने मृत्युपत्रात बोटीला लिहून दिलेल्या
अर्ध्या घरातून.
त्याला नफा म्हणत नाहीत, शिल्लक म्हणतात,
आणि ती डिझेल होऊन समुद्रात जाते.
कलम एकोणीस सांगतं: संस्था बुडाली
तर खिळासुद्धा कुणी घरी न्यायचा नाही,
असंच काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाला द्यायचा.
त्याखाली टॉर्क्विलचीही सही आहे.
तो सातांतला एक.

गेल्या गुरुवारची गोष्ट.
विषय क्रमांक सहा: बोटीच्या शेडमागची जागा
मॅकास्किल कंपनीला शीतगृहासाठी विकावी का.
भाव चांगला होता. इतका, की पाद्रीबाईंनी चष्मा पुसला.
टॉर्क्विल बोलायला उठला तसं मी म्हटलं,
'या विषयाला तुम्ही बाहेर थांबायचं.'

कारखान्यात एकावन्न हातांचा माणूस,
इथे एका हाताचा.
त्या दिवशी तोही नाही.
बोळात ओल्या कोटांच्या रांगेत उभा राहिला,
लांबून वाटावं, आणखी एक कोट.

आत शाळामास्तर डुगल म्हणाला, नवं इंजिन येईल.
इशबेलची सून म्हणाली, इंजिन विकत मिळतं,
वादळात बोट मागे ओढायला लागते ती जागा
कुठल्या दुकानात मिळते?
चार विरुद्ध दोन.
कुणाला फारसा आनंद झाला नाही.

तो आत आला. निकाल कुणी सांगितला नाही,
चेहऱ्यांवरून वाचला त्याने.
वाटलं, आता कोट घेऊन चालता होईल.
विषय क्रमांक सात: छपराला गळती.
कंत्राटदार, खर्च, पुढच्या महिन्यात बघू.
'माझ्याकडे शिडी आहे,' टॉर्क्विल म्हणाला.
'शनिवारी सकाळी येतो.'

माझं पेन थांबलं. शिडी कंपनीची.
निळी वही, पान चाळीस, यंत्रं व अवजारं,
दर वर्षी दहा टक्के झिजणारी.
'लिहू कशी? देणगी, भाड्याने, की उसनी?
तुमच्या बहिणीचाही तिच्यात हिस्सा आहे.'

त्याने बराच वेळ हिशेब केला.
'दहा पायऱ्या आहेत.
वरच्या तीन तिच्या. जपून चढेन.'
'आणि बँकेच्या?'
'त्या खालच्या दोन. तिथे चिखलाचे बूट चालतील.'

मी लिहिलं: शिडी एक. उसनी. शनिवारपुरती.
कोणत्या वहीत,
ते अजून ठरलेलं नाही.