नऊ मिनिटं भिंत

शालिमारच्या मागच्या त्या हॉलमध्ये
सुरुवातीला आम्ही एकतीस जण होतो.
मध्यंतरानंतर चौदा.
निंबा देवरेच्या सिनेमाला हे नेहमीचंच म्हणे,
लोक उठतात, खुर्च्या वाजतात,
आणि पडद्यावरचा माणूस
तांब्याच्या घंगाळाला चिंच चोळत राहतो.

मग भिंत.
नुसती भिंत, निळीच्या चुन्याची, पोपडे धरलेली.
खिळ्याचं एक भोक, त्याखाली गंजाचा ओघळ.
एक मिनिट. तीन मिनिटं.
पिंपळगावचे द्राक्षवाले बोरस्ते मोठ्यांदा म्हणाले,
"अहो, मशीन अडकलंय का बघा कुणीतरी!"
हशा पिकला. मीही हसले.
मग मला डुलकी लागली, खोटं कशाला बोलू.

जागी झाले तेव्हा तीच भिंत,
पण ऊन भोकापाशी पोचलं होतं.

एकोणतीस वर्षं मी नाशिकरोडच्या छापखान्यात
नोटांचे ताव तपासले.
ट्यूबच्या उजेडात. उचल, वाकव, बघ, ठेव.
सरकलेली रेघ, फुटलेली शाई,
पोट सुटलेला एखादा आकडा.
आम्हाला पैसा कधी दिसलाच नाही,
दिसायची ती चूक.
शेजारच्या टेबलावरची मंदा निकुंभ म्हणायची,
"तुला किंमत कळते का गं कशाची?"

त्या भिंतीतही मी आधी चूकच शोधली.
कितव्या मिनिटाला ते शोधायचं राहून गेलं
आठवत नाही.
ओघळाची कड तांबडी झाली, मग केशरी,
मग असा एक रंग
ज्याला आमच्याकडे नंबर नव्हता.

देवरेचं सगळंच पटतं असं नाही.
त्याच्या बायका बोलतच नाहीत, खिडकीशी उभ्या.
एकीनं तरी कंटाळून शिवी द्यावी.
पाणी पितात तेही कोडं घातल्यासारखं.
आणि मुलाखतीत म्हणतो, गोष्ट म्हणजे आळशाची काठी.
अरे बाबा, वय झालं की काठी लागते.

पण हा माणूस कॅमेरा असा ठेवतो
जसा गवंडी ओळंबा सोडतो,
आणि तो हलायचा थांबेपर्यंत
विटेला हात लावत नाही.

बाहेर पायऱ्यांवर भांडण जुंपलं.
बोरस्ते शेवटपर्यंत थांबले होते, शिव्या द्यायला.
"फसवणूक आहे ही! अडीच तास!"
आयोजक पोरगा चिन्मय, दाढीतल्या दाढीत,
"काका, तुम्ही पाहिलंच नाहीत."
"पाहिलं नाही?" बोरस्ते उसळले.
"पौषातलं ऊन होतं ते. सकाळचं.
आमच्या पॅकिंग शेडच्या पत्र्यावर अस्संच येतं, तिरपं,
मण्यावरची लव दिसते त्यात."
आणि गप्प झाले.
मग परत तिकिटाचे पन्नास मागू लागले.

चिन्मयनं खरंच नोट काढली.
मी सवयीनं मधल्यामध्ये घेतली,
चहाच्या गाडीवरच्या बल्बसमोर धरली.
चार घड्या. कडेला हळदीचं बोट.
कुणीतरी पेनानं केलेली बेरीज, हातचा विसरलेली.

"बाई, देताय ना?" बोरस्ते म्हणाले.
थांबा, म्हटलं,
दोन मिनिटं.