बारावा रोटाव्हेटर

एकतीस मार्चच्या रात्री साडेअकराला
भोसरीहून फोन येतो. दरवर्षी येतो.
"मुथाशेठ, फक्त बारा उचला.
कागदावर उचला हो, गाडी सावकाश येईल."
गाडी सकाळी सातलाच येते.

उरुळीत, सोलापूर रस्त्याला लागून,
आमच्या दुकानामागच्या चिंचेखाली
बारा लाल रोटाव्हेटर उतरतात,
रंग अजून बोटाला लागतो.
व्याज त्याच सकाळी सुरू होतं.
व्याजाला पाणी लागत नाही, मशागत लागत नाही,
ते रविवारीसुद्धा उगवतं.

वडिलांच्या काळात टेमगिरे स्वतः यायचे,
लुनाच्या मागे गिअरबॉक्सचं हौसिंग सुतळीनं बांधून.
कंपनी म्हणजे तेव्हा एक पत्र्याचं शेड,
आणि करार म्हणजे
पंचांगाच्या मागच्या पानावर पेन्सिलीचा एक आकडा.
पहिल्या सहा यंत्रांचे पैसे
वडिलांनी यंत्र बघायच्या आधी दिले होते.
हे मी कुणाला सांगत नाही.
सांगितलं की वाटतं, मी काही मागतोय.

आता करार बेचाळीस पानांचा.
कलम एकोणीस: केव्हाही, कारण न देता.
कोरेगाव पार्कच्या हॉटेलात मेळावा होतो,
टेमगिऱ्यांचा नातू माइकवर म्हणतो,
डीलर हा आपल्या परिवाराचा कणा आहे.
मग कण्याला स्टेजवर बोलावतात
आणि ट्रॉली बॅग देतात.
(एकदा म्हणालो, बँकॉकच्या तिकिटाऐवजी
स्पेअर वेळेवर द्या.
सगळे हसले. मीही हसलो.)

मे महिन्यात सोरतापवाडीच्या सुलभाबाई कोंडे आल्या.
सातव्या महिन्यात गिअरबॉक्स तडकला होता,
वॉरंटी बारा महिन्यांची.
फोटो पाठवले, सीरियल नंबर पाठवला.
अठराव्या दिवशी उत्तर:
तेलाची पातळी ग्राहकाने राखलेली नाही. दावा नामंजूर.
तेल मी स्वतः तपासलं होतं.
माझ्या शर्टाच्या बाहीवर त्याचा डाग आहे,
पण बाही अपलोड होत नाही.

सुलभाबाईंना भोसरी माहीत नाही,
त्यांची कंपनी म्हणजे मी.
कंपनीला सुलभाबाई माहीत नाहीत,
त्यांचा ग्राहक म्हणजे मी.
दोन्ही बाजूंनी बघणाऱ्याला
मीच आडवा येतो.

त्या रात्री जब्बार मिस्त्रीनं बॅटरी दातात धरली
आणि आम्ही बारावा खोलला.
नवा कोरा. एकही ढेकूळ न फोडलेला.
सकाळी त्याचा गिअरबॉक्स सोरतापवाडीत फिरत होता.
बाई म्हणाल्या, बिल?
म्हटलं, वॉरंटीत बसलं.
"कंपनी चांगली आहे हो तुमची."
मी हो म्हटलं.

जूनच्या आधी स्टॉक मोजायला
नवा एरिया मॅनेजर आला, ऋतुराज शेवकरी,
कानात दोरी नसलेलं यंत्र, हातात टॅब.
एकेका हुडावर हात ठेवत मोजत गेला,
नऊ, दहा, अकरा,
आणि थांबला.
मधोमध, जिथं गिअरबॉक्स बसतो,
तिथं तरट कोंबलेलं.
तरट उचलून आत बघितलं.
माझ्याकडे बघितलं.
चिंचेचा पाला टॅबवर पडला, तो झटकला.
"बारा लिहितो," म्हणाला. "पण आठवड्यात भरा.
पुढच्या वेळी मी असेनच असं नाही."
चहाला थांबला नाही.
जाताना गाडीची काच खाली करून म्हणाला,
वर्षभरात हा माझा चौथा बारावा.

सोमवारी मी गिअरबॉक्सची ऑर्डर टाकली,
डीलर दरानं, अठरा टक्के वेगळे.
फॉर्ममध्ये एक चौकट भरल्याशिवाय
पुढे जाताच येत नाही: ग्राहकाचं नाव.
मी माझंच लिहिलं.
माल आल्यावर खोकं उघडलं,
आणि जब्बारला म्हटलं,
आधी तेल बघ.